फिश फाइंडर घेण्याआधी बोटीचं बूड बघ

तू काका म्हणून विचारलंस म्हणून मी पण सरळ तू म्हणूनच लिहितो. तुझी परिस्थिती मला कळली ती अशी: देवगड बाजूची ३० फुटी बोट, लाकडी पण वरून फायबर मारलेली, आत डिझेल इंजिन. काम गिलनेट आणि गरीचं, पाणी आठ ते वीस वाव (एक वाव म्हणजे सहा फूट). तुला फिश फाइंडर घ्यायचाय, म्हणजे खोली, तळ आणि मासा पडद्यावर दाखवणारं मशीन. दुकानदार ९ इंची टचवाला, साइडस्कॅनवाला (बाजूचा तळ फोटोसारखा दाखवणारा), '४००० वॉट'चा सेट घे म्हणतो, दुबईचा चुलत भाऊ म्हणतो मी इथून स्वस्तात पाठवतो, आणि वडील म्हणतात मोबाईलवर जीपीएस आहे, मग वेगळा पैसा कशाला. यातलं काय करू, हा प्रश्न.

मी वीस-बावीस वर्षं मालवणपासून रत्नागिरीपर्यंतच्या बोटींवर इको साउंडर, जीपीएस, वायरलेस बसवतोय, त्याआधी वडिलांच्या बोटीवर खलाशी होतो. तर माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पडद्यावर पैसे घालू नकोस, बुडाला जो ट्रान्सड्यूसर बसतो त्याच्यावर आणि तो बसवण्यावर घाल. मासा पडदा बघत नाही, ट्रान्सड्यूसर बघतो. महागड्या सेटवर हलका ट्रान्सड्यूसर, तोही चुकीच्या जागी, अशा कितीतरी बोटी मी बघितल्यात आणि मालक वर्षभरात म्हणतो की या मशीनमध्ये काही दम नाही.

आता हे चालतं कसं ते थोडक्यात, कारण हे कळलं की दुकानदार काय बोलतोय ते पण कळेल. ट्रान्सड्यूसर पाण्यात आवाज सोडतो आणि परत आलेला आवाज ऐकतो. खाऱ्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, म्हणजे ३० मीटर पाण्यात तळाला लागून परत यायला सेकंदाचा पंचविसावा भाग. परत यायला किती वेळ लागला त्यावरून खोली, आणि किती जोरात आला त्यावरून रंग. पूर्वी आमच्याकडे दोरीला शिसं बांधून पाणी मोजायचे, शिशाच्या खालच्या खळगीत साबण भरायचे म्हणजे तळाची रेती की चिखल ते चिकटून वर यायचं. मशीन पण हीच दोन कामं करतं, पाणी किती आणि खाली काय, फक्त मधला मासा पण दाखवतं.

मग फ्रिक्वेन्सी. आपल्याकडे चालणारे बहुतेक सेट ५० आणि २०० किलोहर्ट्झचे असतात. ५० चा आवाज जाड, लांब जातो, पसरतो. २०० चा बारीक, कमी जातो पण दोन मासे वेगळे दाखवतो. पसरण्याचा हिशोब डोक्यात ठेव. पंधरा वाव म्हणजे साधारण २७ मीटर पाणी. तिथे २०० चा बारा अंशाचा झोत तळाला जेमतेम साडेपाच-सहा मीटर गोल जागा बघतो, आणि ५० चा पंचेचाळीस अंशाचा झोत २२ मीटरच्या आसपास. म्हणजे ५० वर मासा जास्त 'दिसतो' खरा, पण तो बोटीखाली आहे की दहा मीटर बाजूला ते कळत नाही, आणि तळ उतरता असेल किंवा खडप (पाण्याखालचा खडक) असेल तर तळाला चिकटून बसलेला मासा तळाच्याच रंगात मिसळून जातो. तू गरीला तांबोशी, गोबरा काढायला खडपावर जाणार, तिथे तुला २०० च पाहिजे. वरच्या पाण्यातला बांगडा-तारलीचा थवा शोधत फिरताना ५० लावून बघ, जास्त जागा झाडली जाते.

चर्प म्हणून जे असतं त्यात एकच आवाज न सोडता खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत सरकवत सोडतात, त्याने जवळजवळचे मासे सुटे दिसतात. चांगली गोष्ट आहे, परवडत असेल तर घे, पण सेट चर्प आणि ट्रान्सड्यूसर साधा असेल तर चर्पचे पैसे पाण्यात, म्हणून दोन्ही चर्प आहेत ना ते विचार.

वॉटचं नीट ऐक, कारण इथे फसवाफसवी जास्त होते. ४००० वॉट म्हणून जे छापलेलं असतं ते बहुतेक वेळा पीक-टू-पीक असतं, म्हणजे लाटेच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचं फुगवलेलं माप. खरी ताकद आरएमएस वॉटमध्ये बघायची, आणि पीक-टू-पीकला आठने भागलं की आरएमएस येतं, म्हणजे तुझ्या दुकानदाराचे ४००० म्हणजे ५०० आरएमएस. शेजारच्या काउंटरवर ६०० आरएमएसवाला सेट पडला असेल तर तो जास्त ताकदीचा, आकडा छोटा असला तरी. तुला आठ ते वीस वाव, म्हणजे पंधरा ते सदतीस मीटरला, ५०० काय नि ६०० काय, दोन्ही भरपूर झाले. किलोवॉटची गरज त्याला, जो अंग्रिया बँकेच्या (समुद्रातल्या बुडालेल्या पठाराच्या) बाजूला जातो. ती विजयदुर्गपासून १०० किलोमीटरच्या वर बाहेर आहे, माथ्यावर पाणी वीस-पंचवीस मीटर आणि कडेला एकदम शेकडो मीटर उतरतं, तिथे ५० किलोहर्ट्झ आणि ताकद दोन्ही लागतात. तुझ्या बोटीचं ते काम नाही.

साइडस्कॅन, डाउनस्कॅनचे जे व्हिडिओ आपण बघतो ना, तळ्यातलं बुडालेलं झाड फांदीसकट दिसतंय, ते बहुतेक अमेरिकेतल्या गोड्या पाण्याच्या तळ्यातले असतात. ४५५ आणि ८०० किलोहर्ट्झचा आवाज खाऱ्या पाण्यात लवकर विरतो, आणि तो फोटोसारखा दिसायचा तर बोट सरळ रेषेत, हळू आणि न डोलता गेली पाहिजे. आपल्याकडे दुपारनंतर वारा उठला की बोट डोलते आणि चित्राच्या लाटा होतात. खाडीत, बंदराच्या तोंडाशी, सात-आठ वावापर्यंतच्या खडपावर सकाळच्या शांत पाण्यात ते खरंच उपयोगी पडतं, हरवलेलं जाळं शोधायला मी स्वतः वापरलंय, पण तुझ्या पहिल्या सेटचा पैसा त्यात जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, तुझ्या बोटीचं बूड.

तुझी बोट वरून फायबर मारलेली लाकडी आहे, आणि सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. दुकानात तू 'फायबर बोट' म्हणालास की ते तुला आतून चिकटवायचा ट्रान्सड्यूसर देतील, भोक पाडायला नको, सोपं काम. तो प्रकार फक्त भरीव फायबरवर चालतो. फायबर आणि फायबरच्या मध्ये फोम किंवा लाकूड असेल तर आवाज तिथेच मरतो. मागच्या वर्षी एकाने तुझ्यासारख्याच बोटीत असा चिकटवला होता, मला बोलावलं की मशीन पाणीच दाखवत नाही. मी त्याच्या बोटीवर चढून आधी फळीवर नखाने टकटक केलं, आवाज लाकडाचा आला, तेव्हाच कळलं. मग तोच ट्रान्सड्यूसर सोडवून बोटीच्या कडेवरून हाताने पाण्यात धरला, आणि पडद्यावर चार वाव तळ लगेच उभा राहिला. सेट चांगला, ट्रान्सड्यूसर चांगला, मध्ये दीड इंच सागवान होतं.

म्हणजे तुला भोक पाडूनच बसवायचा आहे, थ्रू-हल म्हणतात तो. आणि त्यात ब्राँझचा घे, प्लॅस्टिकचा नको. लाकूड पाणी पितं, फुगतं, प्लॅस्टिकच्या नळीला दाबतं आणि ती तडकू शकते, आणि ती तडकली तर भोक बुडाला आहे हे लक्षात घे. लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या बोटीला स्टेनलेस स्टीलचा लागतो, कारण वेगवेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना खातात, पण तो तुझा प्रश्न नाही.

दुसरं, बुडाचा उतार. आपल्या बोटींचं बूड सपाट नसतं, कण्यापासून दोन्ही बाजूंना वर चढतं. तिथे सरळ ट्रान्सड्यूसर बसवला तर तो खाली न बघता तिरका बाजूला बघणार. त्यासाठी दोन उपाय, एकतर लाकडाचा पाचरीसारखा ठोकळा तासून वर-खाली लावायचा, किंवा आतला डोळाच तिरका बसवलेला ट्रान्सड्यूसर येतो, १२ अंशाचा आणि २० अंशाचा, तो घ्यायचा. उतार आठ ते पंधरा अंशाच्या आसपास असेल तर १२ वाला, सोळाच्या पुढे चोवीसपर्यंत असेल तर २० वाला. मोजायला काही लागत नाही, बोट शाकारलेली (किनाऱ्यावर वर काढून झाकलेली) असताना खाली शिर, सरळ पट्टी बुडाला लाव, तिच्यावर मोबाईल ठेव आणि लेव्हलचं अॅप उघड, अंश दिसतो. हे मोजून मगच ऑर्डर दे. बोट वर घेण्याआधी घाईत मागवून नंतर परत करायला धावलेले लोक मी बघितलेत.

जागा कुठली? जिथे बोट चालताना बुडाखालून बुडबुडे जात नाहीत ती. हवेचा बुडबुडा म्हणजे ट्रान्सड्यूसरच्या डोळ्यावर पट्टी. तुझ्यासारख्या हळू चालणाऱ्या, आत इंजिन असलेल्या बोटीला पाण्यात बुडणाऱ्या लांबीचा नाळेकडून (बोटीच्या पुढच्या टोकाकडून) साधारण तिसरा भाग सोडून, कण्याच्या बाजूला, पंख्याच्या भरपूर पुढे, ही जागा बहुतेक वेळा बरोबर येते. नाळेला फारच जवळ नको, लाटेवर नाळ वर उचलली की हवा खाली घुसते. आणि त्या जागेच्या पुढे काही चिकटलेलं नको, इंजिनच्या थंड पाण्याचं भोक नको, फळीचा उंच सांधा नको, झिंकचा तुकडा नको.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एका बोटीवर असाच त्रास होता, उभी असताना चित्र स्वच्छ, चालायला लागली की इंजिन १२०० च्या वर गेलं की तळ गायब. मालकाने सेट दोनदा कंपनीकडे पाठवला होता, दोनदा ठीक म्हणून परत आला. बोट वर घेतल्यावर मी खाली झोपून बघितलं तर ट्रान्सड्यूसरच्या हातभर पुढे त्याच रेषेत समुद्राचं पाणी आत ओढायचा झडपीचा झारा होता, त्याच्या कडेने पाणी फाटत होतं. ट्रान्सड्यूसर अडीच फूट पुढे आणि थोडा कण्याकडे घेतला, जुनं भोक बुजवलं, बस. सेटला हातही लावावा लागला नाही. म्हणून मशीन खराब ठरवण्याआधी एक चाचणी करायची, इंजिन बंद करून बोट वाहू दे, चित्र सुधारलं तर दोष एकतर बुडबुड्याचा किंवा विजेचा. मग इंजिन चालू ठेव पण गिअर न्यूट्रल कर. न्यूट्रलला पण पडद्यावर पाऊस पडत असेल तर विजेचा गोंगाट, न्यूट्रलला स्वच्छ आणि चालताना खराब तर बुडबुडे.

भोक पाडल्यावर लाकडाची उघडी कड तशीच सोडू नको, इपॉक्सी पाजून सुकव, मग मरीन सीलंट. नट पहिल्याच दिवशी ताकदीने आवळू नको, लाकूड पाण्यात फुगणार आहे, फुगल्यावर बघून आवळायचा. ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर साधा बोटीचा रंग मारू नको, त्यासाठी पाण्यात मिसळणारा वेगळा अँटीफाउलिंग मिळतो तो पातळ हात मार, आणि शिंपले चढले तर खरवडायला पत्रा वापरू नको, लाकडी चिपाट किंवा जाड कापड. बोट वर असताना सेट चालू करून 'चालतो का बघू' असं तासभर तर अजिबात नको, ट्रान्सड्यूसर पाण्याबाहेर आवाज सोडत राहिला तर खराब होऊ शकतो.

वायरिंगचं पटकन सांगतो. सेटला बॅटरीपासून स्वतःची वायर, फ्यूजसकट. ज्या बॅटरीवर स्टार्टर मारतोस तिच्यावर शक्यतो नको, कारण स्टार्ट मारताना व्होल्टेज पडतं आणि सेट बंद होऊन परत चालू होतो. ट्रान्सड्यूसरची केबल कापून छोटी करू नको आणि वायरलेसच्या केबलबरोबर एकाच गुंडाळीत बांधू नको. तांब्याची साधी वायर खाऱ्या हवेत दोन वर्षांत आतून हिरवी होते, कल्हई केलेली मिळते, ती घे.

आता पडदा वाचायचा. सेट नवीन असताना त्यात माशाचं चित्र येतं ना, छोटा-मोठा मासा, ते पहिल्या दिवशी बंद कर. मशीन अंदाजाने मासा काढतं, बुडबुड्याला, प्लॅस्टिकच्या पिशवीला पण मासाच काढतं. कच्चा सिग्नल बघायला शीक. गेन (मशीनचा कान किती तिखट ठेवायचा ते) वाढवत ने जोपर्यंत सगळा पडदा ठिपक्यांनी भरतो, मग कमी करत ये जोपर्यंत थोडेच ठिपके राहतात, तिथे ठेव. ऑटोवर ठेवलंस तर बारीक मासा आणि माकूल पुसला जातो.

पडद्याची उजवी कड म्हणजे आत्ता, बाकी सगळं मागे गेलेलं. हे सांगून सुद्धा नवीन माणूस विसरतो. चार नॉटने चालताना बोट सेकंदाला दोन मीटर जाते, म्हणजे दहा सेकंदापूर्वी दिसलेला मासा वीस मीटर मागे राहिला. बऱ्याच सेटमध्ये कर्सर मागे नेऊन त्या चित्रावरच पॉइंट मारता येतो, घेताना ते आहे का बघ, रोज वापरशील. मासा कमानीसारखा दिसतो तो पण याच कारणाने, झोताच्या कडेला असताना तो लांब, मध्ये आल्यावर जवळ, परत बाहेर जाताना लांब. अर्धी कमान म्हणजे तो पूर्ण खालून गेला नाही. आणि बोट उभी, मासा पण उभा असेल तर कमान होतच नाही, लांब रेघ येते, ती बघून तळाची खराबी समजू नको, तिथे गरी टाक.

खडप असेल तर तळाची पट्टी जाड, तिची शेपटी लांब, आणि बहुतेक वेळा दुप्पट खोलीवर दुसरा फिका तळ दिसतो, आवाज तळाला आपटून वर येऊन परत खाली जाऊन येतो म्हणून. चिखल असेल तर पट्टी बारीक आणि दुसरा तळ नाही. गिलनेट टाकताना हे बघितलंस तर जाळं फाटायचं निम्मं वाचेल.

अजून एक गोष्ट फार कमी जण सांगतात. मशीनला माशाचं मांस फारसं दिसत नाही, कारण ते पाण्यासारखंच असतं, दिसते ती पोटातली हवेची पिशवी. घोळीचा जो बोत एवढ्या भावाला जातो तीच ती पिशवी. २०२१ साली पालघरच्या मुरबे गावच्या बोटीला दीडशेच्या वर घोळ लागली आणि कोटीच्या पुढे विकली गेली ती याच बोतामुळे. असा मासा पडद्यावर ठसठशीत लाल येतो. पण सुरमईला ती पिशवी नाही, मोरीला नाही, माकूलला नाही. म्हणून सुरमईच्या हंगामात पडद्यावर फक्त फिकट निळे-हिरवे ओरखडे दिसले तर 'मासा नाही' म्हणून पुढे जाऊ नको, गेन दोन घर वाढव आणि खाली चाऱ्याचा बारीक मासा गोळा होऊन वर उसळलाय का बघ.

आणि सेटमध्ये खोलीचं युनिट बदलून फॅदम करून ठेव, मेन्यूत एफए म्हणून असतं. फॅदम म्हणजे आपला वावच, सहा फूट. तुझे वडील आयुष्यभर वावात बोलले, त्यांना मीटर दाखवून मशीन परकं करू नको. त्यांच्या डोक्यात जेवढ्या जागा आहेत तेवढ्या कुठल्याही नकाशात नाहीत, त्यांच्याबरोबर एक हंगाम फिरून त्या पॉइंट मारून घे.

आता जीपीएस. मोबाईल बॅकअपला ठीक, पण ओल्या हाताने चालत नाही, उन्हात तापून बंद पडतो, आणि अडचणीच्या वेळी त्याची बॅटरी संपलेली असते. तुला सेटमध्येच जीपीएस पाहिजे. त्यात दोन प्रकार, काही स्वस्त सेटमध्ये जीपीएस असतं पण नकाशा टाकता येत नाही, कोऱ्या पडद्यावर फक्त तुझे पॉइंट आणि ट्रॅक. गार्मिनचा स्ट्रायकर तसा आहे, त्यांचाच एकोमॅप नकाशा घेतो. तुझे पैसे पुरत असतील तर नकाशावाला घे, पण भारताच्या किनाऱ्याचं कार्ड त्याला मिळतं ना हे आधी बघ. इथे तुझ्या चुलत भावाचा मुद्दा आला. बाहेरून आणलेल्या सेटमध्ये त्या देशाचा नकाशा भरलेला असतो, अमेरिकेतला असेल तर तिथली तळी, आणि वॉरंटीला इथे कोण उभं करतं ते पण विचारून घे. भावाला सेटऐवजी ब्राँझचा ट्रान्सड्यूसर आणायला सांग, तो इथे पटकन मिळत नाही, फक्त सेटचा मॉडेल नंबर देऊन जुळणारा आणायचा. प्लग बसला म्हणजे जुळलं असं नाही.

नकाशावर आंधळा विश्वास ठेवू नको. खाडीच्या तोंडाशी रेतीचा दांडा दर पावसाळ्यात सरकतो, नकाशात तो जुन्याच जागी असतो. नकाशातली खोली अगदी कमी ओहोटीची असते आणि सेट दाखवतो ते आत्ताचं पाणी, तुमच्याकडे उधाणाला दोन-अडीच मीटरचा फरक पडतो, मुंबईकडे साडेचार-पाच मीटर. म्हणून आत शिरताना सेटकडे बघायचं, आणि उथळ पाण्याचा अलार्म लावून ठेवायचा.

पॉइंट एकमेकांना देताना एक चूक इतकी होते की ती मी नीट लिहितो. जीपीएसमध्ये मिनिटं दोन प्रकारे दिसतात, एक मिनिटाचे दशांश आणि दुसरा मिनिट-सेकंद. समज एकाने खडपाचा पॉइंट वाचला १६ अंश ०३.५०० मिनिटं, आणि तुला मेसेज केला '१६ ०३ ५०'. तुझा सेट सेकंदावर लावलेला असेल तर तो घेणार ०३ मिनिटं ५० सेकंद. खरा पॉइंट होता ०३ मिनिटं ३० सेकंद, कारण अर्धं मिनिट म्हणजे तीस सेकंद. वीस सेकंदाचा फरक, म्हणजे उत्तरेला ६०० मीटरच्या वर. तू तिथे जाऊन म्हणणार की पॉइंट खोटा दिला, आणि दोस्ती तुटणार. उलट जाळं न टाकायच्या खडपाचा पॉइंट असा चुकला तर जाळं गेलं. आकडा साठच्या वर असेल तर मशीन घेत नाही, तेव्हा कळतं, नाहीतर कळत नाही. म्हणून गावातल्या सगळ्यांनी एकच पद्धत ठरवा आणि मेसेजमध्ये टिंब टाकायला विसरू नका.

हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून संभाव्य मासेमारी क्षेत्राची माहिती येते, ती उपग्रहाने घेतलेलं समुद्राच्या वरच्या पाण्याचं तापमान आणि हिरवटपणा बघून काढतात, त्यात बंदरापासून दिशा, अंतर, खोली, अक्षांश-रेखांश सगळं असतं. ते सेटमध्ये टाकून जा, आणि तापमान दाखवणारा ट्रान्सड्यूसर असेल तर तिथे पोचल्यावर पाणी कुठे बदलतंय ते स्वतः बघता येतं. ढग असले की ही माहिती मिळत नाही हे पण लक्षात ठेव.

सुरक्षेसाठी एक मागणं आहे. सेटमधून जीपीएसची जागा बाहेर देणारी एनएमईएची वायर असली पाहिजे, ती वायरलेसला जोड. डीएससीवाल्या (बटणावर संकटाचा संदेश पाठवणाऱ्या) वायरलेसचं लाल बटण दाबलं की तुझी जागा आपोआप जाते, पण ती वायर जोडली असेल आणि बोटीचा वायरलेसचा नंबर (एमएमएसआय) भरलेला असेल तरच. तोंडी हाक मारायला चॅनेल १६, किनाऱ्याजवळ मोबाईलला रेंज असेल तर कोस्ट गार्डचा १५५४. सरकारी ट्रान्सपाँडर (बोटीची जागा उपग्रहामार्फत कळवणारं यंत्र) बोटीवर बसला तरी तो वेगळा, त्याच्यावर विसंबून हे सोडू नको. आणि चुंबकी होकायंत्र काढून टाकू नको. जीपीएसला बोट कुठे चाललीय ते चालतानाच कळतं, बोट उभी असताना नाळ कुठे आहे ते त्याला कळत नाही, धुक्यात इंजिन बंद पडलं की हे कळून चुकतं.

पडदा ७ इंची घे, बटणवाला, किंवा टच आणि बटण दोन्ही असलेला. माशाच्या चिकट हाताने नुसता टच चालत नाही. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच पडदे छान दिसतात, बाहेर उन्हात नेऊन बघ. आयपीएक्स ७ लिहिलेलं असेल तर तो मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकतो एवढाच अर्थ, मागच्या प्लगमध्ये मीठ जाणार नाही असा नाही, प्लगला ग्रीस लाव आणि घरी येताना गोड्या पाण्याच्या फडक्याने पूस.

तर तुझ्यासाठी माझं सांगणं, ७ इंची ५०/२०० किंवा चर्प, ५००-६०० आरएमएस, नकाशा घेणारा, ब्राँझचा तिरक्या डोळ्याचा थ्रू-हल ट्रान्सड्यूसर तापमानासकट. एकूण पैशातला निदान तिसरा भाग ट्रान्सड्यूसर, वायर आणि बसवण्यासाठी बाजूला काढ आणि उरलेल्यात जो सेट बसेल तो घे, उलटं करू नको. फुरुनो, गार्मिन, लॉरेन्स, तिन्ही मी बसवलेत, तिन्ही चालतात. तुझ्या बंदरापासून बसने जाऊन यायच्या अंतरावर ज्याचा दुरुस्तीवाला आहे तो घे.

१ जून ते ३१ जुलै बंदीत बोट वर असेल तेव्हाच भोक पाडायचं, बोट पाण्यात असताना कोणी 'करून देतो' म्हणाला तरी नाही. पाण्यात सोडल्यावर लगेच आत हात घालून नटाभोवती ओल आहे का बघ, तासाभराने परत बघ, दुसऱ्या दिवशी सकाळी परत, आणि ती पहिली रात्र बोट एकटी सोडू नको. मग बंदराबाहेर पाच वावावर इंजिन बंद कर, वडिलांना दोरीला शिसं बांधून सोडायला सांग आणि त्यांचा आकडा सेटच्या आकड्याशी लाव. सेट ट्रान्सड्यूसरच्या तोंडापासून मोजतो, म्हणून तो हात-दोन हात कमी दाखवेल, तेवढा फरक मेन्यूत कील ऑफसेटला भर. बुडाचा कोन मोजलास की फोटोसकट पाठव, जागा मी बघून सांगतो.